डीपीआरवाले सल्लागार: कोल्हापुरातल्या सेवेचा रोखठोक आढावा

कोल्हापूर जिल्ह्यात गुऱ्हाळवाले, चप्पल कारागीर, फौंड्रीवाले किंवा शेतकरी कंपनीचे संचालक एकत्र बसले की चहा संपायच्या आत प्रश्न निघतो, "डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, कोण करून देणार?" मग कुणाच्या तरी ओळखीचा सल्लागार येतो, प्रोजेक्टर लावतो आणि अनुदानाचा आकडा दाखवून बैठक खिशात घालतो. हा आढावा त्या सेवेचा आहे, कुठल्या एका फर्मचा नाही. पाहणी, व्यवहार्यता तपासणी, सविस्तर प्रकल्प अहवाल, मंजुरीपर्यंतचा पाठपुरावा आणि जमलंच तर पहिल्या वर्षाची सोबत, एवढं या एका नावाखाली विकलं जातं.

निकाल आधीच सांगतो. कागद मंजूर करून आणण्यात ही सेवा चांगली आहे, पाचपैकी चार गुण. धंदा उभा करून देण्यात ती काठावर पास होते, पाचपैकी दोन. मधल्या दोन गुणांची किंमत समूह, म्हणजे एकत्र येऊन केंद्र काढणारे कारागीर किंवा शेतकरी, पुढची पाच-सात वर्षं भरत राहतो.

मूळ दुखणं फीच्या पद्धतीत आहे. बऱ्याच ठिकाणी करार तोंडी होतो: सुरुवातीला थोडे पैसे, बाकी मंजूर रकमेवर टक्केवारी. प्रकल्प जितका मोठा तितकी फी मोठी, म्हणजे यंत्र लहान सुचवण्यात सल्लागाराचं नुकसानच. पारंपरिक कारागिरांच्या समूहांसाठीच्या केंद्राच्या स्फूर्ती योजनेत ५०० कारागिरांपर्यंतच्या समूहाला अडीच कोटी आणि त्याहून मोठ्या समूहाला पाच कोटी अशी कमाल मर्यादा ठरलेली आहे. टक्केवारीवर काम करणाऱ्याचा अंदाज या मर्यादेला अगदी चिकटून आला, तर गरज मोजली की मर्यादा पाहून गरज लिहिली, हे विचारायला हवं. सल्लागार लबाड असतो असं नाही. सभासदांनाही मोठा आकडाच ऐकायचा असतो.

गुळाचं उदाहरण घेऊ, कारण लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत 'एक जिल्हा एक उत्पादन' म्हणून कोल्हापूरच्या वाट्याला गूळच आला आहे आणि अहवालांची सर्वाधिक गर्दी तिथंच आहे. समजा वीस गुऱ्हाळवाल्यांनी मिळून दिवसाला दोन टन गूळ पावडर करणारं केंद्र काढायचं ठरवलं. अहवालात ओळ येते: वर्षाचे ३०० दिवस, उत्पादन ६०० टन. पण आपल्याकडं गुऱ्हाळाचा हंगाम साधारण दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि उन्हाळा तापू लागला की आवरतो. अवकाळी पाऊस, गुळव्या (गूळ करणारा कारागीर) गावी जाणं, यंत्राची मोडतोड वजा केली की हातात धड १२० दिवस उरतात. म्हणजे २४० टन. आता एक कोटीचं कर्ज दहा टक्क्यांनी धरा, वर्षाचं व्याज दहा लाख. ६०० टनांवर ते किलोला १ रुपया ६७ पैसे पडतं, २४० टनांवर ४ रुपये १७ पैसे. घाऊक गुळात किलोमागं अडीच रुपये म्हणजे बहुतेकदा सगळाच नफा. अहवालातली एक ओळ बदलली की अख्खा प्रकल्प तोट्यात जातो, आणि ती ओळ कुठलाही गुऱ्हाळवाला पाच मिनिटांत खोडून देईल. फक्त त्याला ती वाचून दाखवायला हवी.

खेळत्या भांडवलाचं तेच. दोन टन गुळाला दहा टक्के उतारा धरला तर रोज २० टन ऊस लागतो. टनाला ३,५०० रुपये धरले तर रोजचे ७०,००० फक्त उसाचे. गुजरातच्या व्यापाऱ्याकडून किंवा मोठ्या दुकान-साखळीकडून पैसे यायला ४५ दिवस लागले, तर ३१ लाख ५० हजार रुपये नुसते अडकून पडतात. मजुरी, पॅकिंग, वीज वेगळी. अहवालात खेळतं भांडवल दिसतं, पण ते यंत्रांच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यानं काढलेलं असतं. उधारीच्या दिवसांवरून काढलेला हिशेब क्वचितच सापडतो. अनुदान मिळतं ते यंत्राला आणि इमारतीला. केंद्र बंद पडतं ते उसाला पैसे नाहीत म्हणून.

तिसरी गोष्ट कारखान्याची. शेतकऱ्याचा ऊस गुऱ्हाळाकडं येईल की कारखान्याकडं जाईल, हे एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर), तोडणीची टोळी आणि कारखान्याचा सभासद असणं यांवर ठरतं. कारखान्यानं पहिली उचल, म्हणजे उसाच्या पैशाचा पहिला हप्ता, वाढवली की गुऱ्हाळाचा ऊस आटतो. हा धोका ज्या अहवालात नाही तो कोल्हापुरात बसून लिहिलेला नाही, असं खुशाल समजा.

गुळातले तांत्रिक तपशीलही वरवर उरकले जातात. 'कुशल कामगार: २' असं लिहून भागत नाही. गुळव्या आणि जळव्या (चुलीचा जाळ सांभाळणारा) हंगामाआधी उचल घेऊन बांधले जातात, त्यांची टोळी त्यांच्याबरोबर येते, आणि काहील (रस आटवायची मोठी कढई) कधी उतरायची हे त्यांच्या नजरेवर ठरतं. रव्याचा, म्हणजे ढेपेचा गूळ साधारण ११८ अंशाला उतरवतात; पावडरीला पाक त्याच्या थोडा पुढं न्यावा लागतो. पुरात बुडालेल्या किंवा लोळलेल्या उसाचा रस असेल तर पावडर सुटत नाही, चिकट होते. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत ती पोत्यातच दगड होते, म्हणून पॅकिंगची खोली कोरडी ठेवणारं यंत्र आणि त्याचं वीजबिल खर्चात धरावं लागतं. गूळ आणि उसाच्या जातींवर काम करणारं प्रादेशिक संशोधन केंद्र शहरातच आहे. तिथं जाऊन आलेला सल्लागार आणि न गेलेला, दोघांचे अहवाल वाचताना फरक लगेच कळतो.

भेसळीचा नियम हा खरा कसोटीचा मुद्दा. 'कोल्हापूर गूळ' या नावाला भौगोलिक मानांकन २०१४ मध्येच मिळालं. पण साखर स्वस्त झाली की काहिलीत साखर पडते हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. सामाईक ब्रँड काढायचा तर नमुना कोण तपासणार, त्याचे पैसे कोण देणार आणि भावकीतल्या माणसाचा माल परत कोण पाठवणार, हे पोटनियमात लिहून घ्यावं लागतं. अहवालात या जागी 'गुणवत्ता नियंत्रण यंत्रणा उभारली जाईल' एवढं एकच वाक्य असलं, तर ब्रँडवर खर्च करू नका.

पाहणीचा दर्जा हा या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. आकडे अजून २०११ च्या जनगणनेचे: जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार, पुढं टक्केवारीनं वाढवलेली. गावात येऊन बैठक घेतली तरी ती सकाळी अकराला, ग्रामपंचायतीत. त्या वेळी शेतकरी रानात असतो, बाई मजुरीला, पोरं एमआयडीसीत. खुर्च्यांवर असतात ते रिकामे आणि पुढारी. कोल्हापूरच्या गावात लोक पाहायचे असतील तर दूध संस्थेच्या दारात, संध्याकाळी. कॅन घेऊन प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी येतं, त्यात बायका निम्म्याहून जास्त. संस्थेच्या वहीत कोणाच्या दारात किती दूध निघतं हे लिहिलेलं असतं, आणि घराच्या कमाईचा तो कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा खरा अंदाज आहे. वही सभासदांच्या संमतीनंच बघायची, हे वेगळं सांगायला नको. चांगला सल्लागार आधी ही वेळ आणि ही जागा विचारतो.

गट-तट हा विषय अहवालात कधीच नसतो आणि प्रकल्प मात्र त्यानंच मोडतो. इथं दूध संघ, कारखाना, बँक, सेवा सोसायटी, प्रत्येक ठिकाणी दोन पॅनेल असतात. सल्लागार पहिल्या दिवशी ज्याच्या गाडीतून उतरला त्या गटाचा तो झाला, आणि निम्मं गाव दुसऱ्या बैठकीला येत नाही. स्वतःच्या गाडीनं यावं, पहिल्या फेरीत दोन्ही बाजूंच्या माणसांना त्यांच्या घरी भेटावं, बैठक देवळात किंवा शाळेत घ्यावी. एवढं पाळलं तरी बरंच काम होतं.

शिवाय या जिल्ह्याला भागभांडवल आणि सभासदत्व नव्यानं शिकवावं लागत नाही. शाहूपुरीची गुळाची पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली, गोकुळ दूध संघ १९६३ पासून चालू आहे, सहकारी कारखाने त्याच्याही आधीचे. वार्षिक सभेत ताळेबंदावर माईक ओढून प्रश्न विचारणाऱ्या माणसाला 'शेअर म्हणजे काय' हे स्लाइडवर समजावणं म्हणजे वेळेची नासाडी. त्याऐवजी ताळेबंदच पडद्यावर टाका. चर्चा आपोआप जागेवर येते.

चप्पल समूहात चुका वेगळ्या होतात. कोल्हापुरी चपलेला मानांकन २०१९ मध्ये मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसून गदारोळ झाल्यावर 'जागतिक बाजारपेठ' हा शब्द इथल्या प्रत्येक बैठकीत ऐकू येऊ लागला. पण मोजणीतच घोळ असतो. कारागीर म्हणून ओळखपत्रावरच्या पुरुषाचं नाव येतं. वेणी घालणारी, शिवण काढणारी घरातली बाई कुठंच नोंदवली जात नाही. मग सामाईक सुविधा केंद्र गावाबाहेर बांधलं जातं आणि ती तिथं जाऊ शकत नाही, कारण तिचं काम स्वयंपाक आणि पोरं सांभाळून चाललेलं असतं. तळ दाबायचं, चामडं पातळ करायचं यंत्र केंद्रात ठेवावं आणि वेणी-पट्ट्याचं काम घरीच राहू द्यावं, असा सरळ आराखडा मांडणारे अहवाल कमी.

त्याहून अवघड गाठ उचलीची. चामडं व्यापाऱ्याकडून उधार येतं, तयार जोड त्यालाच जातो, दर तो ठरवतो. केंद्रात कितीही यंत्रं बसवा, कच्च्या मालाची उधारी दुसऱ्या कुणी उचलली नाही तर कारागीर व्यापाऱ्याला सोडू शकत नाही. म्हणून चप्पल समूहात पहिला खर्च कच्च्या मालाच्या सामाईक साठ्यावर व्हायला हवा आणि यंत्रं दुसऱ्या टप्प्यात यायला हवीत. अनुदानाची रचना यंत्राकडं झुकलेली असल्यानं सल्लागारही तिकडंच झुकतो. मानांकनाचं नाव कायदेशीर वापरायला प्रत्येक कारागिराची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी लागते. हे काम स्वस्त, कंटाळवाणं आणि खऱ्या उपयोगाचं आहे. करारात ते आकड्यानिशी लिहून घ्या: किती जणांचे अर्ज, कधीपर्यंत.

फौंड्रीबद्दल फार लिहायला नको. शिरोली, गोकुळ शिरगावचे उद्योजक स्वतःच आकडे ओळखतात आणि सल्लागाराला घाम फोडतात. वापरलेल्या वाळूचा पुनर्वापर, चाचणी प्रयोगशाळा यांसारखा सगळ्यांचा सारखा असलेला खर्च वाटून घेणं तिथं पटकन जमतं. उलट हुपरीच्या चांदीत नमुना हीच पुंजी. तिथं 'सामाईक डिझाइन केंद्र' सुचवणाऱ्याला धंदा कळलेला नाही.

जागा आणि परवान्यांबाबत सेवा बेभरवशाची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या वर. करवीर, हातकणंगले, शिरोळ तालुक्यांत केंद्राची जागा सुचवताना त्या दोन वर्षांत तिथं पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या भिंतीवरच्या खुणेवरून पाहून अहवालात लिहायला हवं. जागा फुकट मिळते म्हणून घेतली आणि ती पूररेषेत निघाली, तर विमा महाग आणि पाऊस लागला की यंत्र उचलायची धावपळ. सातबाऱ्यावर किती नावं आहेत, भाडेपट्टा कर्जफेडीपेक्षा लांब मुदतीचा आहे का, बिगरशेती झाली आहे का, तीन फेज विजेचा भार मिळायला रोहित्र नवीन लागेल का, या चार प्रश्नांची उत्तरं अहवालाच्या आधी हवीत. रोहित्राचा खर्च अंदाजात नसेल तर इमारत उभी राहते आणि यंत्र महिनोन्‌महिने झाकून पडतं.

कोटेशन तपासा. तीन पुरवठादारांची तीन पत्रकं जोडलेली असतात, पण कधी कधी शब्द, चुका आणि छपाईची ठेवणसुद्धा तीच निघते. जीएसटी क्रमांक ऑनलाइन टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. तसंच अहवालात दुसऱ्या जिल्ह्याच्या खुणा शोधा. गुळाच्या प्रकल्पात 'बेदाणा' डोकावला तर तो सांगलीहून आला आहे, एवढं ओळखा.

आता कुणाकडून काम घ्यावं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या फर्मा बाजारपेठेचा अभ्यास आणि निर्यातीची गणितं उत्तम करतात. पण सही करणारा ज्येष्ठ माणूस बैठकीला एकदाच येतो, पुढं नवखी पोरं येतात आणि अहवाल इंग्रजीत. साडेतीन गुण, तेही मोठ्या औद्योगिक समूहासाठीच. सीए कार्यालयाला जोडून चालणारे स्थानिक डीपीआरवाले बँकेची भाषा जाणतात, फोन उचलतात, पण पाहणी टेबलावर बसून करतात. तीन गुण. विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या चमूंची पाहणी सगळ्यात प्रामाणिक, वेळापत्रक मात्र परीक्षांवर चालतं आणि बँकेला हवा तसा रोखप्रवाह तक्ता त्यांना जमत नाही. तीन. आमचा कौल मिश्र व्यवस्थेला: पाहणी महाविद्यालयाकडून, आर्थिक तक्ते स्थानिक सीएकडून, आणि बाजारपेठेच्या एकाच प्रश्नापुरता बाहेरचा तज्ज्ञ. तिघांना जोडणारा माणूस समूहातला हवा. नाहीतर तिघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

करार मात्र लेखी आणि टक्केवारीशिवाय करा. ठरावीक रक्कम, पाच हप्ते. कामाला सुरुवात होताना १५ टक्के. पाहणीचे आकडे गावात जाहीर वाचून दाखवल्यावर आणि लोकांनी दुरुस्त केल्यावर २०. मसुद्याला २५, अंतिम अहवालाला २०. उरलेले २० पहिला हंगाम चालल्यावर. शेवटच्या हप्त्याला बहुतेक सल्लागार नाक मुरडतात. जो तयार होतो त्याच्याशी बोलणी पुढं न्या. आकडे वाचून दाखवायला ग्रामसभा वापरायची असेल तर गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी ती, हे लक्षात ठेवा आणि १५ ऑगस्टची सभा शक्यतो टाळा. घाटाकडच्या तालुक्यांत तेव्हा भाताची कामं आणि खाली नदीकाठी पुराची धास्ती, कुणी थांबत नाही.

करारात आणखी दोन गोष्टी हव्यात. एक, मराठीत आठ-दहा पानांचा सारांश. त्यात हंगामाचे दिवस, रोजचा कच्चा माल, उधारीचे दिवस आणि ना नफा ना तोट्याचा टप्पा हे चार आकडे पहिल्याच पानावर. दोन, एक्सेलची फाइल सूत्रांसकट. नुसते आकडे चिकटवलेली फाइल किंवा पीडीएफ घेऊ नका. उसाचा दर २०० रुपयांनी वाढवला तर तळाचा आकडा काय होतो, हे समूहाच्या सचिवाला स्वतः करून बघता आलं पाहिजे. संचालकांपैकी कुणाची तरी बीकॉम झालेली मुलगी किंवा सून हे एका दुपारी शिकते. पुढं तीच हिशेब सांभाळते असंही बऱ्याच समूहांत दिसतं.

शेतकरी कंपनीवाल्यांनी एक नोंद घ्यावी. केंद्राच्या दहा हजार शेतकरी कंपन्यांच्या योजनेत सपाटीवर किमान ३०० सभासद लागतात, व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते आणि सभासदामागं २,००० रुपयांपर्यंत, एकूण १५ लाखांच्या मर्यादेत, जुळवणी भागभांडवल (सभासदांनी घातलेल्या भांडवलाच्या जोडीला सरकारचं) मिळतं. सल्लागार हे पैसे उत्पन्नासारखे दाखवून पहिली तीन वर्षं नफ्यात आणतो. ती रक्कम काढून चौथ्या वर्षाचा ताळेबंद मागा.

आणि ही सेवा सगळ्यांनाच लागते असं नाही. एकट्या गुऱ्हाळाला, मसाला उद्योगाला किंवा बचत गटाला पीएमएफएमईमधून ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान हवं असेल, तर जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज आणि अहवाल करून देतात. त्यांचं मानधन योजनेतूनच निघतं, अर्जदारानं वेगळी फी मोजायचं कारण नाही. फक्त हे अनुदान कर्जाशी जोडलेलं आहे आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले तरच ते खात्यात वळतं, हे बँकेत बसून समजून घ्या.

सल्लागार ठरवायच्या आधी त्यानं तीन वर्षांपूर्वी उभा केलेला एखादा समूह बघायला जा, आणि तो सांगेल तो नको, यादीतून आपण निवडलेला. उद्घाटनाचे फोटो, प्रमाणपत्रं बघत बसू नका. केंद्राचं मागच्या हंगामातलं, डिसेंबर ते मार्चचं वीजबिल मागा. यंत्र किती चाललं ते युनिटच्या रकान्यात असतं.